सतराव्या दिवशीही बाळ पिवळं दिसतंय

पत्र : डॉक्टर, माझी मुलगी आज १७ दिवसांची झाली. पहिलंच बाळ, पूर्ण दिवसांचं. जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम होतं, चौथ्या दिवशी घरी सोडताना २ किलो ७०० भरलं. तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली. रक्त तपासलं, आकडा कमी होता, ‘आपोआप जाईल, अंगावर पाजत राहा’ असं सांगितलं. कावीळ कमी झाली, पण डोळ्यांत पिवळी झाक अजून आहे. घरातले म्हणतात, उन्हात ठेव. शिवाय डावा डोळा सारखा चिपडतो, बेंबी ओलसर आहे, छाती दोन्ही बाजूंना टणक लागते, पाजल्यावर थोडं दूध बाहेर टाकते आणि रात्री झोपेत तिचा श्वास मध्येच थांबतो. दर वेळी दवाखान्यात फोन करायला संकोच वाटतो. यातलं कशाला औषध द्यायचं? पॅरासिटामॉलचे थेंब आणून ठेवलेत, ताप आला तर किती द्यायचे? – एक आई

उत्तर :

तुमच्या पत्रात सहा तक्रारी आहेत. त्यातल्या पाचांना बहुतेक औषध लागणार नाही. सहावीला, म्हणजे काविळीलाही, कदाचित लागणार नाही. पण तिची तपासणी मात्र लगेच व्हायला हवी, शक्यतो उद्याच. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

तुम्हाला हॉस्पिटलमध्ये जे सांगितलं, ते त्या दिवसापुरतं बरोबर होतं. इतक्या लहान बाळाच्या बाबतीत काय दिसतंय, याच्याइतकंच ते कितव्या दिवशी दिसतंय याला महत्त्व असतं. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळ पिवळं दिसलं, तर ते कधीच नेहमीचं म्हणून सोडून देत नाहीत. आई आणि बाळाचे रक्तगट न जुळणं, जंतुसंसर्ग, काही ना काही कारण शोधावंच लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागणारी कावीळ मात्र निम्म्याहून जास्त बाळांना होते. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मानंतर त्या भराभर मोडतात, त्यातून बिलीरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि ते बाहेर टाकणारं यकृत अजून कामाला सरावलेलं नसतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत पिवळेपणा वाढतो, मग हळूहळू उतरतो, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात दोन आठवड्यांत बहुधा दिसेनासा होतो. तुमच्या मुलीची सुरुवातीची कावीळ यातलीच असणार. पण आता १४ दिवस उलटून गेलेत. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टर मुख्यतः बिलीरुबिन किती आहे ते बघतात. सतराव्या दिवशी ते कोणत्या प्रकारचं आहे, हे बघावं लागतं.

बिलीरुबिनचे दोन प्रकार. एक, यकृताने अजून हाताळलेलंच नाही असं. दुसरं, यकृताने प्रक्रिया करून पित्तातून बाहेर टाकण्याजोगं केलेलं. रिपोर्टवर याच्यापुढे ‘डायरेक्ट’ असं लिहिलेलं असतं. पहिल्या प्रकारचं वाढलेलं असेल आणि बाळ अंगावर पिऊन छान बाळसं धरत असेल, तर बहुतेक वेळा ही अंगावरच्या दुधामुळे रेंगाळणारी कावीळ असते. ती दोन-तीन महिनेही राहू शकते, बाळाला काही त्रास करत नाही आणि तिच्यासाठी अंगावरचं दूध तोडायचं नसतं. कुणी ‘चार दिवस वरचं दूध देऊन बघ’ म्हणालं, तर ऐकू नका. डायरेक्ट बिलीरुबिन वाढलेलं असेल, तर मात्र यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यापर्यंत नीट पोचत नाही असा संशय येतो, आणि तो संशय ताबडतोब फेडावा लागतो.

याचा पुरावा दिवसातून अनेकदा तुमच्या हातात येतो. तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंत, पण शीचा रंग कुठेच लिहिला नाहीत. बाळाच्या शीला जो पिवळा रंग येतो, तो पित्तामुळे. पहिल्या दोन दिवसांतली काळी-हिरवट चिकट शी संपली की अंगावर पिणाऱ्या बाळाची शी गडद पिवळी, पातळ, दाणेदार होते. कधी हिरवी होते, त्यालाही हरकत नाही. पित्त आतड्यात उतरत नसेल, तर ती भिजवलेल्या खडूसारखी पांढुरकी, फिकट राखाडी किंवा अगदी फिक्या पिवळसर रंगाची दिसते. शी झाली की लंगोट दिवसाउजेडी खिडकीपाशी नेऊन बघा. पिवळ्या दिव्याखाली फिकी शीसुद्धा पिवळी वाटते, हे लक्षात ठेवा. एकदा बघून थांबू नका, लागोपाठ दोन-तीन वेळा बघा आणि फोनवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात शब्दांपेक्षा फोटोचा उपयोग जास्त होतो. शूचाही रंग बघा. इतक्या लहान बाळाची शू जवळजवळ पाण्यासारखी असते, तिने लंगोटावर पिवळा डाग पडता कामा नये.

फिकी शी, गडद शू आणि दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ हे तिन्ही एकत्र दिसलं, तर पित्तवाहिनी बंद असण्याचा आजार, बिलिअरी अट्रेशिया, आधी डोळ्यांसमोर ठेवतात. हा आजार विरळा आहे, हजारो बाळांत एखाद्याला होतो. फसवाही आहे. सुरुवातीचे काही आठवडे बाळ खातंपितं, हसतमुख दिसतं, वजनही घेतं, त्यामुळे ‘जाईल हळूहळू’ म्हणत महिना निघून जातो. मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदांनी १९५०च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. त्यात आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देतात. बाळ ६० दिवसांचं होण्याआधी ती झाली तर यश येण्याची शक्यता बरीच जास्त असते, उशीर होईल तसं यकृत निबर होत जातं. तैवानने २००४ पासून देशभर प्रत्येक नव्या आईच्या हाती शीच्या रंगांचं एक छापील कार्ड द्यायला सुरुवात केली, आणि तिथे या आजाराची बाळं लवकर सापडू लागली. तुमच्या मुलीच्या हाताशी अजून भरपूर दिवस आहेत. मला ते वाया जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून इतकं लांबण लावलं.

उद्या डॉक्टरांना सरळ सांगा : बाळ १७ दिवसांचं आहे, कावीळ टिकून आहे, एकूण आणि डायरेक्ट बिलीरुबिन दोन्ही बघायचंय. त्याच वेळी थायरॉइडची जन्मानंतरची तपासणी झाली होती का, हेही विचारा. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ती करतात. जन्मतः थायरॉइड कमी असेल तर कावीळ रेंगाळते, बाळ सुस्त राहतं, शी घट्ट होते. आणि रोजची छोटी गोळी पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाली तर मेंदूची वाढ सुरक्षित राहते. लघवीतल्या जंतुसंसर्गानेही कावीळ लांबू शकते, म्हणून लघवी तपासायला सांगितली तर गोंधळून जाऊ नका. आणि जन्मल्यावर मांडीत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, ते डिस्चार्ज कार्डवर बघून घ्या. पित्त अडलेलं असेल तर हे जीवनसत्त्व शरीरात शोषलं जात नाही आणि रक्तस्राव होऊ शकतो. कावीळ असलेल्या बाळाच्या नाकातून किंवा बेंबीतून रक्त आलं, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग उठले, तर सकाळची वाट बघायची नाही.

वजन तर करायलाच हवं. चौथ्या दिवशी ते जन्मापेक्षा २०० ग्रॅमनी, म्हणजे साधारण ७ टक्क्यांनी कमी होतं. ते नेहमीचंच आहे, पहिल्या दिवसांत अंगातलं जास्तीचं पाणी जातं. पण १० ते १४ दिवसांत बाळाने जन्माचं वजन गाठावं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढावं. म्हणजे तुमची मुलगी आता तीन किलोच्या आसपास हवी. ती अजून २ किलो ९०० च्या खालीच असेल, तर दूध पुरेसं पोटात जात नाहीये. अशा वेळी कावीळ रेंगाळण्याचं तेही एक कारण असतं, आणि उपाय म्हणजे पाजण्याची पद्धत कुणा जाणकाराकडून समोर बसून तपासून घेणं. २४ तासांत आठ ते बारा वेळा पाजणं आणि निदान सहा लंगोट चांगले ओले होणं, हा घरच्या घरी लावायचा हिशेब.

उन्हाबद्दल. घरातले म्हणतात त्याला आधार अगदीच नाही असं नाही. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलमध्ये जीन वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबदार दिवसांत बाहेर अंगणात नेत असत. एका बाळाचं अंग फिकं झालं होतं, फक्त चादरीच्या टोकाने झाकलेला त्रिकोणी भाग गडद पिवळा राहिला होता, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्या निरीक्षणातून पुढे रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये प्रकाशाने काविळीवर उपचार करता येतात हे मांडलं. आज हॉस्पिटलात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते त्यातूनच आलं. पण दिव्याचा प्रकाश मोजून दिलेला असतो, बाळाचे डोळे झाकलेले असतात, अंगाचं तापमान बघितलं जातं आणि रक्ताचा आकडा पुन्हा तपासतात. उन्हात यातलं काहीच हातात नसतं. कोवळी कातडी भाजते, उघड्या अंगाने बाळ गारठतं, पाणी कमी होतं. कावीळ खरोखर जास्त असेल तर उन्हाच्या भरवशावर वेळ जातो. ती कमी असेल तर उन्हाची गरजच नसते. आणि पित्त अडलेल्या काविळीवर तर ना उन्हाचा उपयोग, ना निळ्या दिव्याचा.

त्याच ओघात आणखी एक सांगते, कारण हे फार कमी आयांना माहीत असतं. बाळाचे कपडे, दुपटी, पांघरुणं डांबराच्या गोळ्या घातलेल्या कपाटातून काढून तशीच वापरू नका. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, आणि त्या गोळ्यांच्या वासानेही अशा बाळाच्या पेशी मोडून कावीळ एकाएकी भडकू शकते. गोळ्या घरातून काढून टाका, कपडे धुऊन वाऱ्यावर नीट वाळवा.

आता बाकीचं. डाव्या डोळ्याबद्दल विचारलंत. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच असेल, पापणी सुजलेली नसेल आणि फक्त पाणी येऊन चिपडं जमत असतील, तर अश्रू नाकात उतरवणारी नळी पूर्ण उघडलेली नाही. खूप बाळांत असं होतं आणि वर्षाच्या आत दहातल्या नऊ बाळांत ती नळी आपोआप मोकळी होते. घरी मसाज करा, पण बरोबर जागी. हात धुऊन, नख कापलेलं बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडालगत ठेवा. डोळ्यावर नाही, पापणीवर नाही. हलका पण पक्का दाब देत बोट नाकाच्या बाजूने खाली सरकवा. एका वेळी पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. कधी आतून थोडा पू वर येतो. तो उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने आतून बाहेर पुसा, दर पुसण्याला नवा कापूस घ्या. थेंब डॉक्टरांनी दिले तरच घाला. डोळा लाल झाला, पापण्या सुजून उघडेनात, पू सारखा वाहू लागला, तर मात्र हा वेगळा, डोळा जायची भीती असलेला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

बेंबी ओलसर आहे म्हणता, पण नाळ कधी गळाली ते लिहिलं नाहीत. ती साधारण एक ते तीन आठवड्यांत गळते, आणि नंतर काही दिवस तिथे थोडी ओल, क्वचित एखादा रक्ताचा थेंब येतो. लंगोट बेंबीच्या खाली बांधा, जागा उघडी आणि कोरडी ठेवा, वर तेल, पावडर, हळद काही लावू नका. आत गुलाबी, ओला, मऊ कण दिसत असेल तर उद्या दाखवा, दवाखान्यात दोन मिनिटांत औषध लावून तो सुकवतात. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन लाली पसरत असेल, गरम लागत असेल, घाण वास येत असेल, तर ते घरगुती काम नाही. तिथून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात.

छातीचा टणकपणा तुमच्याच शरीरातल्या संप्रेरकांचा आहे, ती बाळात गर्भाशयातच पोचलेली असतात. मुलग्यांतही हे दिसतं. कधी त्यातून थेंबभर दूधही येतं. काही आठवड्यांत उतरेल. दाबायचं नाही, पिळायचं नाही, चोळायचं नाही. दाबल्यानेच तिथे गळू होतं, आणि मग ते चिरावं लागतं. मालिश करणाऱ्या व्यक्तीलाही हे ठामपणे सांगा. एकच बाजू लाल, गरम, दुखरी झाली तर दाखवा.

दूध बाहेर टाकण्याचं म्हणाल, तर तोंडाच्या कडेने ओघळणारं, फुटलेलं दूध आणि वजन घेणारं बाळ, एवढ्यावर काळजी करायची नाही. पाजल्यावर ढेकर काढा, थोडा वेळ उभं धरा. झोपवायचं मात्र पाठीवरच, दूध टाकते म्हणून पोटावर किंवा कुशीवर नाही. दोन गोष्टींवर डोळा ठेवा. उलटी हिरवी झाली, तर एकदाच झाली तरी तडक हॉस्पिटल गाठा, कारण आतड्याला पीळ पडल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांना किंमत असते. आणि तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बाळ दर वेळी पाजल्यावर जोराने, लांब उडेल अशी उलटी करू लागलं, पुन्हा भुकेलं दिसलं आणि वजन घटू लागलं, तर जठराचं खालचं तोंड जाड होऊन बंद होतंय का ते सोनोग्राफीत बघतात. छोट्या शस्त्रक्रियेने ते पूर्ण बरं होतं.

श्वास थांबण्याने तुमची झोप उडाली असणार. बाळ झोपेत काही वेळ भरभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. या वयात हे नेहमीचं आहे. म्हणूनच श्वास मोजताना दहा सेकंद मोजून सहाने गुणू नका. बाळ शांत झोपलेलं असताना पोट वर-खाली होताना पूर्ण मिनिट मोजा. साठच्या आत असेल, ओठ आणि जीभ गुलाबी असेल, तर तुम्हीही झोपा. वीस सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबणं, ओठ-जीभ निळी पडणं, बाळ लुळं पडणं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडणं, दर श्वासाला कण्हणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. थंडीत फक्त हात-पाय निळसर दिसले तर ते त्यात मोजू नका.

आता पॅरासिटामॉल. किती थेंब द्यायचे याचं माझं उत्तर आहे : एकही नाही. चार आठवड्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर तो स्वतःच तातडीचा प्रसंग आहे, मग बाळ बाकी कितीही ठणठणीत दिसो. मोठ्या मुलाच्या तापाला आपण दोन दिवस देतो, इथे दोन तासही द्यायचे नाहीत. या वयात बाळाच्या अंगात जंतूंना एका जागी अडवण्याची ताकद नसते, रक्तातून ते मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. औषधाने ताप उतरवला तर आजार तिथेच राहतो, आपल्याला सावध करणारी खूण तेवढी पुसली जाते. हॉस्पिटलमध्ये रक्त, लघवी, कधी पाठीच्या कण्यातलं पाणीही तपासतात आणि रिपोर्ट यायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू करतात. ते ऐकून घाबरू नका आणि नकोही म्हणू नका.

काखेत डिजिटल थर्मामीटर लावा, हात अंगाशी धरून. ३७.५ च्या वर दिसलं आणि बाळ जास्त गुंडाळलेलं असेल, तर एक थर काढून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा. तरीही तेवढंच असेल, तर लगेच डॉक्टरांशी बोला. उलट, अंग गार पडणं हेही तितकंच वाईट. ३६.५ च्या खाली गेलं, तर बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, डोक्याला टोपी घाला. तासाभरात ऊब आली नाही किंवा आकडा ३५.५ च्या खाली असेल, तर निघा. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की कित्येकदा ताप येतच नाही. ते गार पडतं, मलूल होतं आणि दूध ओढायचं थांबतं. आधी नीट पिणारं बाळ लागोपाठ दोन वेळा प्यायलाच उठलं नाही, निपचित पडलं, झटके आले, रडणं एकदम किरटं झालं, अंग धनुष्यासारखं मागे ताणू लागलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका.

आणि फोन करायचा संकोच करू नका. महिन्याच्या आतल्या बाळासाठी फोन आला की आम्ही तो आधी घेतो. बोलताना पहिल्या वाक्यात बाळाचं वय दिवसांत सांगा, दुसऱ्यात ते शेवटचं कधी आणि कसं प्यायलं ते. उद्या जाताना डिस्चार्ज कार्ड, तिसऱ्या दिवसाचा काविळीचा रिपोर्ट आणि शीचे फोटो सोबत घ्या. थेंबांची बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवा, आणि डॉक्टरांनी मुलीचं वजन करून मात्रा लिहून देईपर्यंत उघडू नका.